पेठ रस्त्यावर शिलाई मशीन

आमच्या कारखान्यात एक रीत होती. ती कुठल्या पाटीवर लिहिलेली नव्हती, पण मोडायची कुणाची टाप नव्हती. मशीन दुरुस्तीला घेतली की आधी तिचा पट्टा उतरवायचा आणि आपल्या टेबलामागच्या खिळ्याला अडकवायचा. बटण बंद असलं तरीही. बटण काय, कुणीही येता-जाता दाबतो. पट्टा ज्याच्या खिळ्याला, मशीन त्याची. तो जेवायला गेलेला असो की रजेवर, त्याच्या खिळ्यावरचा पट्टा दुसरा माणूस काढत नसे. साहेबसुद्धा विचारायचे, "कुणाचा खिळा?" आणि त्या माणसाची वाट बघायचे. मी सातपूरला मेंटेनन्सचा फिटर होतो. उभा जन्म दुसऱ्यांच्या बंद पडलेल्या मशीन चालू करण्यात गेला, त्यामुळे ही रीत माझ्या हाडात मुरलेली.

बायको गेली तेव्हा मी घरीही तेच केलं.

तिची पायमशीन पुढच्या खोलीत खिडकीखाली असायची. बिडाचं जड स्टँड, वर काळं डोकं, त्यावरची सोनेरी नक्षी तिच्या मनगटाच्या घासण्यानं एका बाजूला पुसलेली. कॉलनीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज आणि पोरांचे शाळेचे गणवेश तिच्यावर शिवले गेले होते. ती गेल्यावर लोक भेटायला यायला लागले. बायका रडायच्या, आणि त्यांच्याबरोबर आलेली पोरं मशीनखाली शिरून दोन्ही हातांनी पायटा दाबत बसायची. पोरंच ती, त्यांना काय कळणार! पण मशीन खडखडायची, रिकामी सुई वर-खाली व्हायची, आणि मला वाटायचं कुणीतरी माझ्या छातीवर ठोकतंय. पहिल्या दिवशी मी एका पोरावर असा ओरडलो की त्याची आई त्याला उचलून निघूनच गेली. दुसऱ्या दिवशी मी चाकावरचा पट्टा उतरवला आणि दाराच्या चौकटीतल्या खिळ्याला अडकवला. मुलगी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. ती तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. 

खरं तर ती मशीन कुणाला द्यायची ते ठरलेलं होतं.

दिवाळी झाली की पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातली माणसं द्राक्षाच्या कामाला नाशिककडे उतरतात. आमच्या कॉलनीच्या पलीकडे तेव्हा मळे होते, आणि मळ्याच्या बांधाला त्यांच्या प्लास्टिकच्या कागदाच्या झोपड्या पडायच्या. त्यातली एक तरुण बाई एकदा ब्लाउजचं कापड घेऊन आमच्या दारात आली. माप दिलं आणि गेलीच नाही. उंबऱ्याशी बसून बायकोचे हात बघत राहिली. पुढच्या आठवड्यात ती वर्तमानपत्राच्या कागदावर स्वतः बेतलेला ब्लाउज घेऊन आली. मग दर हंगामात संध्याकाळी काम सुटलं की ती येऊन बसायची. बायको तिला काज, हुक, गळपट्टी शिकवायची आणि माझा चहा लांबायचा.

"हिच्या हातात कात्री आपणहून सरळ चालते," बायको म्हणायची.

"तुझ्या हातात कधी वाकडी चालली?"

"मला शिकावं लागलं. मार खाल्लाय मी माझ्या मावशीचा. हिला कुणी काही सांगावंच लागत नाही."

शेवटच्या दुखण्यात, दवाखान्याच्या खाटेवर, बायकोनं मला सांगितलं की मशीन त्या डोंगरातल्या बाईला दे. "आपली पोर शिकतेय, तिला शिकू दे. ती काही मशीनवर बसायची नाही." मी हो म्हणालो. त्या खाटेशी मी कशालाही हो म्हणालो असतो. मुलगी पायथ्याशी बसून मोसंबं सोलत होती. तिनंही ते ऐकलं.

पण त्या हंगामात ती बाई खाली आलीच नाही. तिच्या पाड्यावरचे लोक आले, त्यांनी सांगितलं की तिचा नवरा झाडावरून पडला, कंबरेखाली मोडलाय, ती त्याच्याजवळ आहे. "आता नाय यायची ती," एक म्हातारी म्हणाली. "लय हाल हायेत तिचं." म्हणजे मशीन वर जायला हवी होती. शब्द मी दिला होता, आणि ज्या माणसाला दिला ते माणूस आता त्यातून मला सोडवायला उरलं नव्हतं.

आमच्या कारखान्यातले सायकलवाले दर हिवाळ्यात पेठकडच्या पाड्यांवर ब्लँकेटं, स्वेटर, गोळा केलेले कपडे घेऊन जायचे. सायकलवर लादून, घाटातून. आमच्या फोरमननी हे सुरू केलेलं. माणूस करड्या मिशांचा, बोलायला तुसडा, पण कुणाच्याही मयताला पहिला हजर. दरवर्षी कुणीतरी नवा गडी त्यांना विचारायचाच, की सामानाच्या मागे टेम्पो येतोच आहे, तर सगळं टेम्पोतच का टाकत नाही? टेम्पो होता तो थकलेल्या माणसांसाठी आणि मोडलेल्या सायकलींसाठी. फोरमन म्हणायचे, "टेम्पोला धाप लागत नाही." एवढंच. कुणी जास्त खोदलं तर पुढे म्हणायचे, "धाप लागल्याशिवाय दिलं, तर त्यांना कळेल ना कळेल, आपल्याला कळत नाही." मी पाच-सहा वर्षं त्यांच्याबरोबर गेलो होतो. कधी ब्लँकेटांचा गठ्ठा, कधी शाळेसाठी पाट्या. त्या वर्षी मी सांगितलं की मी शिलाई मशीन नेणार.

"टेम्पोत टाक," ते म्हणाले.

"नियम तुमचाच आहे."



बायकोचं वर्ष त्याच सुमाराला भरत होतं. घरी भंतेजींना बोलावून त्रिशरण-पंचशील घेतलं, वंदना झाली, खीर दिली. कॉलनीतल्या जाणत्या लोकांना वाटत होतं की पुण्यानुमोदनाला मांडव घालून जेवण व्हावं. बायको सगळ्या कॉलनीची होती, त्यांचं चुकत नव्हतं. मी सांगितलं, दान जे व्हायचं ते घाटावर होईल. एकदोघं फुरंगटले. मुलगी मात्र सरळ बोलली.

"ती आईची मशीन आहे, पप्पा."

"आईनंच सांगितलंय."

"मला माहितीय. मी तिथंच होते."

ती आत जाऊन पुस्तक उघडून बसली. त्या वर्षी आमच्या घरात गॅस संपलाय, मीठ आण, दार लाव, इतकंच बोलणं चालायचं. एरवी दोघंही एकाच माणसाशी बोलायचो, आणि आता ते माणूसच नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी मशीन खोलली. डोकं लाकडी फळीवरून सोडवलं, पुसलं, तेल दिलं आणि बायकोनंच शिवलेल्या जुन्या गोधडीत गुंडाळलं. स्टँडच्या दोन्ही बाजू सुट्या केल्या. बॉबिनचा खण, सुया, पेचकस, तेलाची कुपी, पायाखाली द्यायला लाकडी पाचर, सगळं आठवणीनं घेतलं. फिटरची नजर कशाला म्हणतात! सायकल माझी नेहमीची, काळी, चोवीस इंची, दोन दांड्यांची. तिला मी कारखान्यात अँगलचं जादा कॅरिअर वेल्ड करून घेतलं होतं. बिडाचे दोन पाय दूधवाल्याच्या कॅनसारखे दोन बाजूंना लटकावले, मध्ये डोकं, त्यावर पायटा आणि मोठं चाक. सुतळीनं आवळलं, मग ट्यूबनं आवळलं. शिलाईची फळी तेवढी पुढच्या दांड्याला उभी बांधली.

पहाटे निघताना कळलं की सायकलवर बसताच येत नाही. मागून टांग टाकावी तर मागे डोंगर. मुलीनं सीटपाशी सायकल धरली, मी ती आडवी कलती केली आणि पुढच्या दांड्यावरून पाय घातला. म्हाताऱ्या बैलावर बसावं तसं. ती हसली नाही. पोळ्यांचा डबा हँडलला अडकवून ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. "सावकाश जा," म्हणाली. मी मागे वळून बघू शकलो नाही, कारण वळलो असतो तर पडलो असतो.

पेठ नाक्यावर सगळे जमले. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ. त्या वर्षी दोन-तीन गिअरवाल्या सायकली आल्या होत्या. त्यांचे मालक कपड्यांनी सजलेले, सामान म्हणून पाठीवर एकेक ब्लँकेट. त्यातल्या एकानं माझ्याभोवती फेरी मारली. "काका, काय नेताय?"

"मशीन."

"कसली?"

मी पायडल मारलं. माझा स्वभाव तसा गोड नाही, आणि त्या दिवशी मुळीच नव्हता.

रामशेज मागे पडेपर्यंत बरं चाललं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, त्यांत माणसं वाकलेली, कुठे फवारणीचा वास. सपाटीवर जड सायकल एकदा चालली की चालते. तिला फक्त थांबवायचं नाही. पण चाचडगावच्या पुढे रस्ता उठायला लागला आणि ओझं बोलायला लागलं. मागचं वजन इतकं, की चढावर पुढचं चाक जमिनीवरून सुटायला बघायचं. मी हँडलवर ओणवा होऊन त्याला दाबून धरायचो. पायटा चाकावर किणकिण वाजायचा. प्रत्येक पायडलला एक किण्. बायको शिवताना मध्येच थांबून दोरा दातानं तोडायची, तेवढी शांतता सोडली तर घरात दिवसभर तिच्या पायट्याचा आवाज असायचा, आणि आज तोच पायटा माझ्या पाठीमागे असा सुटासुटा वाजत होता.

गिअरवाले सुळकन् पुढे गेले. मागून येणारे माझ्याजवळ आले की वेग कमी करायचे. "मागून रेटू का?" म्हणायचे. मी नको म्हणायचो. मग कुणी विचारेनासं झालं. टेम्पो दोनदा शेजारून गेला, ड्रायव्हरनं काच खाली केली, माझं तोंड बघितलं आणि काच वर केली.

सावळघाट हा असा घाट आहे की तो धड चढत नाही आणि धड उतरत नाही. माणसाला नुसता फिरवतो. एक चढ संपला म्हणून श्वास घ्यावा तर वळणाआड दुसरा. मी केव्हाच उतरून सायकल ढकलत होतो. एक हात हँडलवर, एक हात गोधडीवर. साग पानं टाकून उभे होते, रस्त्यावर त्या पानांचा सडा, आणि बिडाचं ओझं ढकलताना चप्पल त्या पानांवरून सरकायची. एका वळणावर मागे कट् असा आवाज झाला. मला बघायची गरज नव्हती. वेल्डिंग तुटलं की कसा आवाज होतो हे मला सांगायला नको. एका बाजूचं कॅरिअर सुटलं, बिडाचा पाय खाली झुकला आणि सगळं ओझं माझ्या अंगावर कललं.

मी पाठ उताराकडे केली आणि दोन्ही हातांनी मशीन धरली. सोडलं तर सायकल दरीत. धरून ठेवलं तर स्टँड लावता येत नाही, दोरी सोडता येत नाही, पाणीसुद्धा पिता येत नाही. असाच उभा राहिलो, गोधडीला गाल लावून, तिच्या मशीनला मिठी मारून, भर दिवसा, हमरस्त्यावर. गोधडीला खोबरेलाचा आणि मशीनच्या तेलाचा वास येत होता. मी रडलो. ती गेली त्या दिवशी रडलो नव्हतो, वर्षभर रडलो नव्हतो. गुजरातकडे जाणारा एक ट्रक शेजारून गुरगुरत चढून गेला, त्याच्या क्लीनरनं डोकं बाहेर काढून बघितलं, आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

फोरमन मागून आले. त्यांनी आपली सायकल दगडाला टेकवली, माझ्या ओझ्याखाली खांदा दिला आणि मी हात मोकळे करावेत म्हणून थांबले. टेम्पोचं नाव काढलं नाही.

"आता वाटून घेऊ," ते म्हणाले.

"मी नेतो."

"तिच्या वेळीही तू हेच केलंस." त्यांचा आवाज खाली होता. "अमरधामपर्यंत खांदा बदलू दिला नाहीस. मागे माणसं नुसती हात पुढे करून चालत होती. आम्हालाही ती बहिणीसारखी होती रे. खांदा बदलायला लाज कसली?"

ते खरं होतं. त्या दिवशी कुणी खांदा मागितला की मी मान हलवायचो. मला वाटायचं, मी सोडलं की ती जाईल. लोकांनी ते समजून घेतलं आणि मी ते विसरूनही गेलो होतो.

मी दोरी सोडली. मागून येणारे थांबत गेले. एक बिडाचा पाय हेल्परनं आपल्या कॅरिअरवर घेतला, दुसरा स्टोअरकीपरनं. पायटा एकाकडे, चाक एकाकडे. पुढे गेलेला तो गिअरवाला सुद्धा परत उतरून आला. त्याला कॅरिअरच नव्हतं, म्हणून त्यानं बॉबिनचा खण पाठीवरच्या पिशवीत घातला. फोरमननी फळी घेतली. "डोकं तुझ्याकडे राहू दे," म्हणाले. असा सावळघाट आम्ही चढलो. मशीन सात सायकलींवर विखुरलेली होती आणि माझी सायकल हलकी झाली होती. हलकं वाटलं म्हणून मला वाईटही वाटलं. पण पाय चालत राहिले.

करंजाळीच्या पुढे रस्ता सोडून आत, नाचणीच्या, तिकडच्या भाषेत नागलीच्या, कापलेल्या शेतांमधून पायवाट होती. पाड्यावर ब्लँकेटांचं वाटप सुरू झालं, आणि आम्ही काही जण त्या बाईच्या घराशी गेलो. कारवीच्या कुडाचं घर, समोर सारवलेलं अंगण, खाटेवर तिचा नवरा कुशीला टेकून पडलेला. ती बाहेर आली. ताई गेल्याचं तिला कळलेलं होतं. उंबऱ्याशीच उभं राहून तिनं एकेका सायकलीवरून उतरणारे तुकडे पाहिले, पाय, चाक, पायटा. गोधडी दिसल्यावर मात्र ती पुढे आली आणि तिनं हात लावला. "ही म्या टाचलेली," एका कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "पहिला टाका. ताई हसलेली त्येला."

मी अंगणात बसून मशीन जुळवली. हे मला येतं. पाय उभे केले, पाचर सरकवली, फळी बसवली, डोकं चढवलं, तेल दिलं, सुई लावली, दोरा ओवला. पाड्यावरच्या बायका भोवती बसल्या होत्या. मग मी पट्ट्यासाठी हात पुढे केला.

खिसा बघितला, खण बघितला, पिशवी उलटी केली. आणि मग मला डोळ्यांसमोर आमच्या दाराची चौकट दिसली, खिळा दिसला. फिटरनं पाचर आणली होती, तेलाची कुपी आणली होती. वर्षभरापूर्वी ज्या खिळ्याला पट्टा अडकवला, त्याकडे बघायचंच नाही अशी डोळ्यांना सवय झालेली.

"पट्टा राहिला," मी म्हणालो.

फोरमननी रीत माझ्याइतकीच पाळलेली. त्यांनी विचारलं, "कुणाच्या खिळ्यावर?"

"माझ्याच."

 बाई म्हणाली, "नाय तर नाय, भाऊ. हातानं चालवू." तिनं एक चिंधी सुईखाली घातली, उजव्या हातानं वरचं चाक फिरवलं आणि सरळ शिवण मारली. आपणहून सरळ. तोवर फोरमननी पंक्चरच्या पिशवीतली जुनी ट्यूब काढली, तिची लांब पट्टी कापली, पिळली आणि दोन्ही चाकांवरून ओढून गाठ मारली. बाईनं पायट्यावर पाय ठेवला.

मशीन चालली. वर्षभर मी ज्या आवाजाला घाबरून होतो तो आवाज अंगणात सुरू झाला, आणि तो माझ्या बायकोचा नव्हता. बायको लांबलचक एका दमात शिवायची, ही थांबत थांबत, विचारत विचारत. ट्यूब मधूनच घसरायची, मशीन अडायची, परत धरायची. मला वाटलं होतं की तो आवाज ऐकून मी कोसळेन. तसं काही झालं नाही. मला फक्त कळलं की ती गेली आहे. इतकं साधं मला वर्षभर कळलं नव्हतं.

निघताना बाईनं गोधडी परत दिली, तिच्यात नागली बांधून. नको म्हणालो तर तिचा चेहरा उतरला. "ताईच्या घरचं रिकामं कसं धाडू?" म्हणाली. मग मी ती कॅरिअरवर बांधली आणि घाट उतरलो.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मुलीनं पाणी दिलं. पट्टा खिळ्यावरच होता. मी त्याच्याकडे बघत म्हणालो, "पट्टा राहिला."

"मला दिसला होता," ती म्हणाली. "सकाळी. सायकल धरली तेव्हाच."

मी तिच्याकडे बघितलं.

"तुम्ही मागितला असता तर दिला असता. तुम्ही मागितला नाही, मी बोलले नाही."

पाना जागेवर नसला तर मी घर डोक्यावर घेणारा माणूस. पण मला राग आला नाही. तिच्या आईचं सगळं मी एकट्यानं उचललं होतं, खांदा सुद्धा तिला दिला नव्हता, आणि ती हात पुढे करून मागे चालत होती. हे मला घाटात फोरमननी सांगितलं तेव्हा कळायला हवं होतं. त्या रात्री आम्ही नागलीच्या भाकरी केल्या. तिला थापता येईनात, मला तर नाहीच, तुकडे तुकडे झाले, ते दुधात कुस्करून खाल्ले. बऱ्याच दिवसांनी एका ताटासमोर एक असं समोरासमोर बसून.

पट्टा कुणाबरोबरही वर पाठवता आला असता. मी पाठवला नाही. रोज कामावर जाताना बघायचो आणि हात लावायचो नाही. तो खिळा आता माझा राहिला नव्हता, आणि दुसऱ्याच्या खिळ्यावरचा पट्टा काढायची सवय मला नव्हती.

पुढच्या हंगामात ती बाई नवऱ्याला घेऊन खाली आली. तो काठी टेकत चालत होता, बागेची राखण करायला लागला होता. पहिल्याच रविवारी ती आमच्याकडे आली आणि मुलीच्या हातात कागदाची पुडी दिली. आत ब्लाउज होता, मोरपंखी.

"ताईच्या मापाचा ब्लाउज माझ्याकडं राहिलेला," ती म्हणाली. "बेतायला दिलेला त्येंनी. त्यावरनं शिवलाय. सैल व्हईल हिला. राहू दे, अंगात भरंल तवा घालंल."

मुलगी आत गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तो ब्लाउज अंगात होता, साडी नेसलेली नव्हती, नुसती ओढणी घेतली होती खांद्यावरून. बाईनं उठून शिवणाऱ्या बाया बघतात तसं पाठीमागून चिमटीत धरून बघितलं, बगलेत बोट घालून बघितलं, बाहीचा काठ ओढला. तिचा हात थांबला.

"कुठंच सैल नाय," ती म्हणाली.

मुलीचे डोळे भरले होते. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. जिथं मशीन होती तिथं आता तिचं अभ्यासाचं टेबल होतं.

मग मुलीनं विचारलं, "मशीन कशी चालते?"

"चालती की. टूब घसरती मधी मधी. जाड कापडाला अडती. गोणपाट तर नायच."

मुलगी उठली, चौकटीपाशी गेली आणि तिनं खिळ्यावरचा पट्टा काढला. चामडं वाळून ताठ झालं होतं, खिळ्याच्या जागी त्याला कायमचा वाक पडला होता. ती स्वयंपाकघरातून खोबरेलाची बाटली घेऊन आली.

"खोबरेल नको," मी म्हणालो. "घसरेल. एरंडेल लाव."

"कुठंय?"

"फडताळात, वरती. आई ठेवायची तिथंच."

ती जमिनीवर बसून बोटांनी तेल चोळू लागली. मी तिला दाखवलं, आतल्या बाजूनं जास्त, आणि चोळताना उलटा वाकवायचा. थोड्या वेळानं चामडं नरम पडलं. तिनं पट्ट्याची गुंडाळी केली आणि बाईपुढे धरली. बाईनं लगेच हात पुढे केला नाही. तिनं माझ्याकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" मी म्हणालो. "खिळा तिचा आहे."